तारली, बांगडा अशा थव्याच्या छोट्या माशांचा साठा कसा तपासतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटे पेलाजिक मासे म्हणजे नक्की कुठले?

पाण्याच्या वरच्या आणि मधल्या थरात थव्याने फिरणारे, बहुतेक वेळा प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाऊन जगणारे छोटे मासे. तारली, पेडवे, मांदेली, बांगडा हे आपल्या ओळखीचे, आणि जगात इतरत्र बघितलं तर हेरिंग, अँकोव्ही, स्प्रॅट वगैरे. आयुष्य कमी, वाढ झपाट्याने, पिल्लं प्रचंड आणि त्यातली जगणारी फारच थोडी. हे चार मुद्दे डोक्यात पक्के ठेवा कारण खालची जवळजवळ सगळी उत्तरं फिरून फिरून इथेच येतात.

साठा म्हणजे समुद्रात किती मासे आहेत तो आकडाच ना?

आकडा हा त्यातला एक भाग झाला. साठा म्हणजे आपसात प्रजनन करणारा, एकत्र वाढणारा आणि एकत्र घटणारा माशांचा गट. त्याची स्थिती विचारली की दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या असतात, एक म्हणजे अंडी घालू शकतील असे मासे किती उरलेत आणि दुसरी म्हणजे आत्ता मासेमारीचा दाब किती आहे. साठा भरपूर असून दाब जास्त असू शकतो, म्हणजे पुढे अडचण येणार. उलट साठा कमी असून दाब आधीच कमी केलेला असू शकतो, म्हणजे सुधारायला वाव आहे. दोन्हींना एकच "धोक्यात" असं लेबल लावलं तर निर्णय चुकतो.

शिवाय साठ्याची हद्द आणि नकाशावरची हद्द यांचा काही संबंध नसतो. वायव्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सार्डिनेलाचे थवे मोरोक्को, मॉरिटानिया, सेनेगल, गाम्बिया असे अनेक देशांच्या पाण्यातून ये-जा करतात, आता यातल्या एका देशाने फक्त आपल्यापुरतं मोजलं तर तो थव्याचा एक तुकडाच मोजतोय.

आवक भरपूर होतेय, मग साठा चांगलाच असणार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच समजुतीने झालंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तळाशी विखुरलेला मासा कमी झाला की जाळ्यात हळूहळू कमी यायला लागतो, ते दिसतं. थव्याचा मासा तसा वागत नाही. साठा निम्मा झाला तरी उरलेले मासे पातळ पसरत नाहीत, ते पुन्हा घट्ट थवेच करतात, फक्त थव्यांची संख्या कमी होते आणि ते कमी जागेत गोळा होतात. आणि आपल्या बोटी काही आंधळेपणाने जाळं टाकत नाहीत, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून थवा दाखवणारी सोनार आणि इको साउंडर ही यंत्रं आहेत, मोबाइलवर एकमेकांना खबर आहे, त्यामुळे उरलेला थवा सापडतोच. पर्ससीनचं जाळं एकदा थव्याभोवती फिरलं की त्या खेपेला बोट भरून येते, आणि बंदरावर उभं राहून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटतं. प्रति फेरी पकड वर्षानुवर्षं सपाट दिसते आणि मग एका हंगामात धाडकन खाली येते.

म्हणून नुसते "प्रति फेरी इतके टन" लिहून ठेवणं पुरत नाही. थवा शोधायला किती तास लागले, किती लांब जावं लागलं, किती बोटी रिकाम्या परतल्या हे लिहिलं पाहिजे. माझ्या मते शोधण्यात गेलेला वेळ हा पकडीच्या वजनापेक्षा जास्त खरं बोलतो, आणि नेमकं तेच कुणी नोंदवत नाही. रिकामी परतलेली बोट तर कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही कारण रजिस्टर उतरवलेल्या मालाचं असतं.

मग समुद्रातले मासे प्रत्यक्ष मोजतात तरी कसे?

मुख्य पद्धत आवाजाची. जहाज आखलेल्या समांतर रेषांवरून जातं, तळातून खाली पाण्यात आवाजाचे ठोके सोडतं, साधारणपणे ३८ किलोहर्ट्झ आणि सोबत आणखी एक-दोन फ्रिक्वेन्सी. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, माशावर आपटून परत येतो आणि स्क्रीनवर थवा डागासारखा उमटतो. माशाच्या पोटातली हवेची पिशवी हा प्रतिध्वनीचा मोठा स्रोत असतो, त्यामुळे अशी पिशवीच नसलेला उत्तर अटलांटिकमधला मॅकरेल त्याच आकाराच्या हेरिंगच्या मानाने फारच फिका दिसतो.

डाग कुठल्या माशाचा हे स्क्रीन सांगत नाही. म्हणून मध्ये मध्ये जाळं टाकून सॅम्पल घ्यावं लागतं, जात बघायची, लांबी मोजायची, मग एका माशाचा प्रतिध्वनी किती त्यावरून सगळ्या प्रतिध्वनीचे मासे किती हे काढायचं. इथे एका आकड्यावर किती भार आहे बघा: एका माशाच्या प्रतिध्वनीचा अंदाज ३ डेसिबलने चुकला तर साठ्याचा आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो. सगळं जहाज, सगळे लोक, सगळे दिवस तेच, आणि उत्तर दुप्पट!

आणखी दोन अडचणी आहेत. पृष्ठभागाजवळचा काही मीटरचा थर यंत्राला दिसत नाही कारण सेन्सरच जहाजाच्या तळाला असतो, आणि हे मासे तर रात्री वर येऊन विखुरतात. दुसरं म्हणजे मोठं संशोधन जहाज उथळ पाण्यात शिरू शकत नाही, आणि तारलीसारखा मासा बऱ्याचदा तिथेच, किनाऱ्याला लागून असतो. छोट्या बोटीवर यंत्र बांधून उथळ पट्टा वेगळा मोजला नसेल तर तो सर्व्हे मला अर्धा वाटतो.

अंड्यांवरून साठा काढतात म्हणे, ते कसं शक्य आहे?

शक्य आहे आणि माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात सुंदर पद्धत आहे. १९८० च्या आसपास कॅलिफोर्नियात अँकोव्हीसाठी ती विकसित झाली. तर्क साधा आहे. रोज समुद्रात किती अंडी पडतायत हे मोजा, एक मादी रोज सरासरी किती घालते हे काढा, भागाकार करा, माद्या मिळाल्या.

उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. समजा बारीक जाळ्याने ठिकठिकाणी पाणी गाळून असं कळलं की सगळ्या भागात दिवसाला ५ लाख कोटी अंडी पडतायत. एक मादी एका वेळी २०,००० अंडी घालते, आणि रोज दहातली एक मादी घालते. म्हणजे सरासरी एका मादीमागे दिवसाला २,००० अंडी. भागाकार केला की २५० कोटी माद्या. नर तेवढेच धरले तर ५०० कोटी मासे, एकाचं वजन ४० ग्रॅम, झाले २ लाख टन.

आता "दहातली एक" हा आकडा आला कुठून? तर माद्यांची गाभोळी फॉर्मलिनमध्ये ठेवतात, पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात. अंडं बाहेर पडलं की त्याचं रिकामं कवच अंडाशयात एक-दोन दिवस सुरकुतलेल्या पिशवीसारखं राहतं आणि मग विरून जातं. ते दिसलं म्हणजे ही मादी काल रात्री अंडी घालून आलीये. असे शेकडो काप बघायचे, नजर बसायला महिने लागतात. आणि दहाऐवजी वीसातली एक निघाली तर वरचा आकडा २ लाखाचा ४ लाख टन होतो. त्यामुळे मायक्रोस्कोपवर बसलेल्या माणसाला घाई करू नये, सगळा साठा त्याच्या नजरेवर उभा असतो.

आमच्याकडे जहाज नाही, लॅब नाही. नुसती लांबी मोजून काही कळतं का?

बरंच कळतं, नीट मोजली तर. दर महिन्याला भरपूर माशांची लांबी मोजून आलेख काढला की उंचवटे दिसतात, या महिन्यात ८ सेंटीमीटरला, पुढच्या महिन्यात साडेनऊला, त्याच्या पुढे अकराला. तो उंचवटा म्हणजे एकाच वेळी जन्मलेली पिल्लं मोठी होत पुढे सरकतायत, त्यातून वाढीचा वेग मिळतो. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९८० च्या सुमारास यासाठी कॉम्प्युटरवर चालणारी पद्धत दिली आणि उष्ण पाण्यातल्या देशांत ती सगळीकडे पसरली कारण तिला खर्च जवळजवळ नाही.

पण सॅम्पल घेताना होणारी एक चूक मी पुन्हा पुन्हा बघितलीये. मोजायला माणूस पोचेपर्यंत मासळी निवडून झालेली असते, मोठी एका टोपलीत, बारीक दुसरीत, आणि बारीक बऱ्याचदा आधीच गाडीत चढलेली. मग हाताशी असलेल्या टोपलीतले दोनशे मासे मोजले जातात आणि कागदावर सगळे मासे मोठे. असा आलेख दिसतो सुरेख पण तो समुद्राचा नसतो, निवडणाऱ्याच्या हाताचा असतो. निवडायच्या आधी घ्या, तो क्षण हुकला असेल तर प्रत्येक टोपलीतून तिच्या वजनाच्या प्रमाणात घ्या, आणि कुठल्या जाळ्याचा माल आहे, आसाचा (जाळ्याच्या छिद्राचा) आकार काय, हे त्याच कागदावर लिहा. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत की शेपटीच्या खाचेपर्यंत हेही ठरवून घ्या, मी एकाच फाइलमध्ये दोन्ही मिसळलेल्या बघितल्यात आणि मग त्या डेटाचं काहीच करता येत नाही.

लांबीसोबत पोट फाडून बघा, पिकलेली मादी केवढी आहे ते. निम्मे मासे ज्या लांबीला पक्व होतात त्याच्या खालचे मासे पकडीत किती टक्के आहेत हा एक आकडा दर महिन्याला मिळाला तरी खूप आहे.

वय कसं कळतं?

कानातल्या खड्यावरून, त्याला ओटोलिथ म्हणतात. तारलीचा तो तांदळाच्या कणीपेक्षाही छोटा असतो, कवटी उघडून चिमट्याने काढायचा, घासायचा, भिंगाखाली वलयं मोजायची. थंड पाण्यात वर्षाचं वलय स्पष्ट उमटतं. उष्ण पाण्यात ऋतूंचा फरक कमी म्हणून वर्षाचं वलय धूसर, तिथे रोजची वलयं मोजतात, माशाच्या खड्यात रोज एक थर चढतो हे १९७१ मध्ये दाखवलं गेलं.

०.४ हा आकडा सगळे सांगतात, तो काय आहे?

एकूण मरणाऱ्या माशांत मासेमारीने मरणाऱ्यांचा वाटा. आधी ०.५ म्हणजे निम्मा वाटा चालेल असं धरलं जायचं. मग १९९२ मध्ये छोट्या पेलाजिक साठ्यांचा एकत्र अभ्यास झाला आणि त्यात दिसलं की वाटा ०.४ च्या वर राहिला की साठे घटत जातात, खाली राहिला की सावरतात.

हे गणित मनात धरायला सोपं आहे. समजा माशाचा नैसर्गिक मृत्युदर वर्षाला १ आहे (हा शेकड्याचा दर नाही, वर्षभर क्षणाक्षणाला लागू होत राहणारा दर आहे). याचा अर्थ कुणीही जाळं टाकलं नाही तरी १०० माशांतले वर्षाने ३७ च उरतात, बाकीचे मोठे मासे, पक्षी, रोगराई. त्यावर ०.४ वाटा होईल एवढी मासेमारी चढवली तर उरतात १९. आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, तर ३७ आणि १९ यात किती फरक पडतो ते बघा.

फक्त एक सावधगिरी: नैसर्गिक मृत्युदर बहुतेक वेळा मोजलेला नसतो, वाढीचा वेग आणि पाण्याचं तापमान यावरून सूत्राने काढलेला असतो. तो जास्त धरला की वाटा आपोआप कमी दिसतो. रिपोर्टमध्ये ०.३८ दिसलं म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका, आधी मृत्युदर कुठून आणला ते बघा.

मॉडेल कुठलं वापरायचं?

मॉडेल म्हणजे डेटावरून साठ्याचा अंदाज काढणारं गणित. डेटा असेल तसं. वयाप्रमाणे पकड आणि सर्व्हे दोन्ही असतील तर वयावर आधारलेलं मॉडेल. नुसती पकड आणि मेहनतीची (किती बोटी, किती वेळ) नोंद असेल तर शेफर यांचं १९५४ चं जुनं मॉडेल आणि त्याची नवी रूपं. नुसती पकडच असेल तर त्यावरही चालणाऱ्या पद्धती आहेत पण थव्याच्या माशांना त्या लावताना मला धास्ती वाटते, कारण त्या पकडीच्या चढउतारातून साठ्याचा चढउतार ओळखायला जातात आणि वर सांगितल्याप्रमाणे या माशांत तोच धागा तुटलेला असतो. लांबीवर आधारलेल्या बऱ्याच पद्धतीही दरवर्षी पिल्लं साधारण सारखीच येतात असं धरून चालतात, आणि हे मासे नेमके तसे नाहीत.

दरवर्षी पिल्लं सारखी का येत नाहीत?

अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिल्या काही दिवसांत योग्य आकाराचं खाणं योग्य जागी मिळालं तर ते जगतं, नाहीतर नाही. योहान योर्ट या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये हे मांडलं, त्याच्या डेटात १९०४ साली जन्मलेली हेरिंगची एकच पिढी पुढची कित्येक वर्षं पकडीत वरचढ दिसत होती. वारा, प्रवाह, खालून वर येणारं थंड पाणी, सगळं जुळून यावं लागतं.

मासे गायब झाले म्हणजे जास्त मारले म्हणूनच ना?

कधी हो, कधी नाही, आणि बहुतेक वेळा दोन्ही मिळून.

कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा खोऱ्याच्या तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नसतो त्यामुळे गाळाचे थर न ढवळता साचत गेलेत, आणि त्यात माशांचे खवले. शास्त्रज्ञांनी ते थरागणिक मोजले तेव्हा दीड हजारांहून जास्त वर्षांचा इतिहास मिळाला, सार्डिन आणि अँकोव्ही वाढतायत, कोसळतायत, पुन्हा वाढतायत, आणि त्या काळात तिथे आजच्यासारखी मासेमारी नव्हतीच. म्हणजे चढउतार त्यांच्या स्वभावातच आहे.

पण याचा अर्थ मासेमारी निर्दोष असा घेणाऱ्यांशी मी सहमत नाही. पेरूची अँकोव्ही बघा. १९७० च्या सुमारास वर्षाला १ कोटी २० लाख टनांच्या वर पकड होती, जगात एका जातीची एवढी पकड कुठेच नव्हती. १९७२ ला एल निनो आला, गरम पाणी पसरलं, उरलेला मासा किनाऱ्यालगत गर्दी करून राहिला आणि तिथे तो आणखी सोप्या पद्धतीने पकडला गेला. १९७३ पर्यंत पकड २० लाख टनांच्या आसपास आली आणि सावरायला दशकं लागली. १९९७-९८ चा एल निनो काही कमी नव्हता, पण त्यानंतर तोच साठा थोड्या वर्षांत उभा राहिला. निसर्गाचा फटका बसतोच, प्रश्न एवढाच की फटका बसताना अंडी घालणारे मासे किती शिल्लक होते. नॉर्वेच्या हेरिंगचा साठा १९६० च्या दशकाच्या शेवटी अगदी तळाला गेला, तेव्हा पिल्लांसकट उपसा चालू होता, आणि सावरायला वीसएक वर्षं गेली.

केरळच्या किनाऱ्यावर तारलीची आवक २०१२ मध्ये जवळजवळ ४ लाख टन होती आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली. एवढी मोठी घसरण एकाच कारणावर टाकणारं कुणी भेटलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

एकदा तपासणी केली की किती वर्षं चालते?

चालतच नाही. दहा-पंधरा वर्षं जगणाऱ्या माशाचा तीन वर्षं जुना रिपोर्ट थोडाफार कामाचा असतो. तारलीचं आयुष्य अडीच-तीन वर्षं. सॅम्पल घेतलं, डेटा भरला, विश्लेषण झालं, बैठक झाली, रिपोर्ट छापून आला, तोवर ज्या माशांबद्दल तो लिहिला ते मासे समुद्रात राहिलेलेच नसतात. या विषयातली सगळ्यात मोठी उणीव मला हीच वाटते. पद्धती चांगल्या आहेत, पण त्यांची चाल माशापेक्षा हळू आहे.

जिथे हे सुधारलं तिथे काय केलं? फ्रान्स-स्पेनलगतच्या बिस्केच्या उपसागरात अँकोव्हीची मासेमारी २००५ ते २०१० बंद होती, आणि तिथे वसंतात आवाजाचा आणि अंड्यांचा असे दोन वेगळे सर्व्हे होतात, शिवाय शरद ऋतूत पिल्लांचा वेगळा, म्हणजे पुढच्या वर्षी काय येणार याचा अंदाज आधीच हातात. पेरूत हंगामाच्या तोंडावर सर्व्हे करतात आणि मगच कोटा ठरतो, २०२३ मध्ये पिल्लांचं प्रमाण फार दिसल्यावर त्यांनी उत्तर आणि मध्य भागातला वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला.

साठा "बरा" कधी म्हणायचा?

अंडी घालणाऱ्या माशांचं वजन एका ठरलेल्या मर्यादेच्या वर हवं, मासेमारीने होणारं मरण मर्यादेच्या खाली हवं, आणि या माशांवर जगणाऱ्यांचं भागलं पाहिजे. तिसरं नेहमी विसरलं जातं. २०११ मध्ये ७ सागरी परिसंस्थांमधल्या १४ जातींच्या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात खाद्य-मासे आजवरच्या कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेले की पक्ष्यांची पिल्लं वाढेनाशी होतात असं दिसलं. मोठ्या माशांचं आणि डॉल्फिनचं पोटही याच थव्यांवर आहे.

मच्छीमारांच्या सांगण्याला तपासणीत वजन असतं का?

असलं पाहिजे. थवा यंदा लवकर आला, खोल पाण्यात गेला, मासा लांबीला तेवढाच पण अंगाने वाळलेला आहे, पोटात चरबी नाही, हे त्यांना सर्व्हेच्या कितीतरी आधी कळतं. वाळलेला मासा म्हणजे खाणं कमी, म्हणजे अंडी कमी, हा थेट संकेत आहे आणि तो पडताळायला लांबी आणि वजन एवढंच लागतं. गटातल्या दोन-तीन बोटींनी रोज तारीख, जागा, खोली, शोधायला लागलेले तास, पकड आणि हाताला लागतील त्या पन्नास माशांची लांबी-वजन वहीत लिहिलं आणि ज्या दिवशी काहीच मिळालं नाही त्या दिवशी शून्य लिहिलं, तर दोन हंगामांत अशी नोंद तयार होते जी बंदरावरच्या आकड्यांतून कधीच मिळणार नाही. शून्य मात्र लिहायचंच, पान कोरं सोडायचं नाही, कारण वर्षभराने ती वही उघडणाऱ्याला कोऱ्या पानावरून बोट गेलीच नव्हती की जाऊन रिकामी आली हे कळत नाही.